जागता मांड

शनिवारी संध्याकाळी सव्वासहा वाजले की जयराम गावडे उठत आणि घराची जनेलं, म्हणजे खिडक्या, एकेक करून लावून घेत. आधी नदीच्या बाजूची दोन, मग स्वयंपाकघरातलं, मग सोप्यावरचं. कडी नीट बसली की नाही ते अंगठ्याने दाबून बघत. मग रेडिओ मोठा करून त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसत. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागलाय की साबणाची जाहिरात, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे.

गौरवीने हे पहिल्यांदा पाहिलं ते मार्गशीर्षात. आईला जाऊन चार महिने झाले होते. पणजीच्या ग्रंथालयातली नोकरी चालूच होती, पण दर शनिवारी दुपारची बस धरून ती इब्रामपूरला येऊ लागली होती. बाबा डासांसाठी जनेलं लावत असतील असं तिला वाटलं. दिवा घेऊन ती तुळशीपाशी गेली, आणि नदीकडून आईचा आवाज आला.

आवाज अगदी स्वच्छ होता. दवाखान्यातला खरवडलेला आवाज नव्हे. त्याच्या आधीचा, भरलेला, नाकात जरासा वाजणारा. आई मांड जागवण्याचं गाणं म्हणत होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिने नेहमीसारखा श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली. गौरवीच्या हातातला दिवा कधी विझला ते तिला कळलं नाही. शेजारच्या अंगणात कोमल नावाची सून वाळत घातलेले कपडे काढत होती, तिने मान वरसुद्धा केली नाही. वाड्याला, म्हणजे त्या सगळ्या वस्तीला, सवय झाली होती.

नदीकाठी चार वर्षांपूर्वी एक रिसॉर्ट झालं होतं. त्याचं नावही त्यांनी ‘मांड’ ठेवलं होतं. दर शनिवारी पाहुण्यांसाठी तिथे ‘आदिम धालो संध्या’ होत असे, आणि तिची सुरुवात स्पीकरवरच्या या गाण्याने होई.

खरा मांड वाड्याच्या मधोमध होता. आंब्याखाली सारवलेली मोकळी जागा, एवढंच. पौषात गावडा जमातीच्या बायका तिथे धालो खेळत. दोन ओळी समोरासमोर, हात एकमेकींच्या कमरेत. दोन पावलं पुढे, वाकायचं, दोन पावलं मागे. पुरुषांनी तिकडे बघायचंही नाही. पहिल्या दिवशी एक बाई गाणं म्हणून मांड जागवते. मांड जागा झाला की त्याच्यावर जे उतरायचं ते उतरतं आणि कुणाच्याही अंगात येतं. बायका त्याला रंभा म्हणतात, भीत नाहीत, कारण शेवटच्या दिवशी मांड निजवला की आलेलं सगळं आल्या वाटेने जातं. ज्या घराने जागवला त्याच घराने निजवायचा. आणि निजवताना वाड्यातल्या सगळ्या घरांची एकेक बाई उभी हवी. मनात कुणाबद्दल किंतु असेल, स्वतःची चूक लपवलेली असेल, तर ती आधी मांडावर बोलून टाकायची. तसं झाल्याशिवाय निजवणी ही नुसती चाल उरते.

जागवण्या-निजवण्याचा मान गौरवीच्या घराचा होता. चार वर्षं मात्र धालो झालेच नव्हते. वरचा वाडा आणि खालचा वाडा एकमेकांचं पाणी पीत नव्हते.

त्या भांडणाचं मूळ हा आवाज. रिसॉर्टवर तो पहिल्यांदा वाजला तेव्हा वाड्यात एकच बोलवा झाली, की खालच्या वाड्यातल्या जानकीने सुनेच्या मोबाइलवर भाग्यलक्ष्मीचं, म्हणजे गौरवीच्या आईचं, गाणं मांडावर चोरून भरून घेतलं आणि तिकडे विकलं. जानकीची सून दिपाली तेव्हा रिसॉर्टवर खोल्या झाडायला जायची, तेवढा पुरावा पुरला. जानकीने शपथा घेतल्या. भाग्यलक्ष्मीने काहीच म्हटलं नाही, आणि तिचं ते गप्प बसणं लोकांनी थोरपणात जमा केलं. जानकीला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. तिचा नवरा बाबुराव वारला तेव्हा तेराव्याला वरच्या वाड्यातलं एकही माणूस जेवायला गेलं नाही. त्या महिन्यात जानकीने सुनेला सांगितलं, आपण चोर ठरलोच आहोत, तर तू जा आणि नाच तिकडे.

गौरवीला यातलं खरं माहीत होतं. आईनेच तिला सांगितलं होतं.

शेवटच्या आठवड्यात, तीन दुपारी, आईने तिला निजवणीची सात कडवी शिकवली. लिहून घ्यायचं नाही, मोबाइल बंद. पुस्तकांत जन्म गेलेली गौरवी शाळेतल्या मुलीसारखी एकेक ओळ घोकत राहिली. तिसऱ्या दुपारी सातवं कडवं पाठ झालं आणि आईने डोळे मिटून सांगितलं, की गाणं कुणी चोरलं नाही. तिने दिलं. रिसॉर्टची माणसं सहा महिने येत होती, सोप्यावर बसत होती, विचारत होती. मांडावर तेव्हा जेमतेम नऊ बायका यायच्या. पोरी म्हापशाला, पणजीला.

“तू खंय येयत असलंस?” आई म्हणाली होती. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “त्यांणी विचारलां, मी सांगलां. पण निजवणी दिली नाय. माका वाटलां, अर्धाच दिलंय, म्हणजे काय दिलां नाय.” मग ती छताकडे बघत म्हणाली, “अर्धाच देवचा नाय असलां गो.”

चार वर्षं, दर शनिवारी, कुणीतरी मांड जागवत होतं आणि कुणीच निजवत नव्हतं.

गौरवीचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. जगभरच्या जमातींच्या गाण्यांवरची पुस्तकं तिने वाचली होती, त्यांवर सावकाश, समजूतदार टिपणंही काढली होती. पण पौषाच्या पहिल्या सोमवारी, रजा काढून घरी असताना, ती जानकीच्या कुंपणाजवळून चालली होती आणि तिला दिपाली दिसली.

दिपाली भर दुपारी अंगणात एकटी उभी होती. एक हात बाजूला, शेजारी कुणी असावं तसा कमरेच्या उंचीवर धरलेला. दोन पावलं पुढे आली, वाकली, आणि थांबली. समोरच्या ओळीने उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ थांबली. मग दोन पावलं मागे गेली. पुन्हा पुढे. सारवणावर तिच्या पावलांनी दोन चर पडले होते. डोळे उघडे होते. गौरवीने हाक मारली, तेव्हा वाकलेल्या दिपालीने मान न उचलता नुसती एक बोटभर वळवली, जशी आपल्या ओळीत कुणी नवीन येऊन उभं राहिलं तर वळवावी.

दिवाळीपर्यंत ती शनिवारच्या नाचानंतर रविवारी सकाळी शुद्धीवर यायची, असं कोमलने नंतर सांगितलं. मग सोमवार उजाडू लागला. मग बुधवार. म्हापशाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ती झोपते, पण झोपेतही पाय चालूच असतात. गेल्या आठवड्यात ती शुक्रवारी भानावर आली, पेज मागून जेवली, आणि शनिवारी तिन्हीसांजेला कुणी न बोलावता उठून नदीची वाट चालू लागली. मधे फक्त एक दिवस उरला होता.

दुसऱ्या दिवशी गौरवी रिसॉर्टवर गेली.

प्रथमेश नावाचा पुण्याचा मुलगा तिथलं सगळं बघायचा. खादीचा कुडता, नम्र बोलणं. त्याने तिला ताई म्हटलं, लिंबाचं सरबत मागवलं. बसायच्या जागेत वाड्यातल्या म्हाताऱ्या नेसतात त्या तांबड्या चौकटीच्या कापडाच्या उश्या होत्या. वाढप्यांच्या कमरेलाही तेच कापड. भिंतीवर आईचा माणसाएवढा फोटो होता, आणि खाली नाव नव्हतं.

“भाग्यलक्ष्मीमावशी आमच्यासाठी कलाकार नव्हत्या, घरच्या होत्या,” तो म्हणाला. ते बहुधा खरंही असावं.

गाणं बंद करा, असं तिने साध्या शब्दांत सांगितलं. त्याने एक कागद काढून दाखवला. खाली आईची सही होती, शाळकरी मुलीच्या हाताची, ‘क्ष्मी’ शेवटी वर चढलेली. मग त्याने लॅपटॉप उघडला. त्यांच्याकडे आईचं अकरा तासांचं रेकॉर्डिंग होतं. गाणी थोडी, गप्पाच जास्त. लग्नाच्या, माहेरच्या, शेतातल्या. मुलीबद्दलही पुष्कळ. त्याने एक जागा शोधून वाजवली. आई हसत होती. हसता हसता म्हणाली, “आमचां गौरवी म्हणजे,” आणि तिथे त्याने थांबवलं.

“हे सगळं तुमचंच आहे, ताई. मी आजच देतो. आम्हाला शेवटचं गाणं तेवढं हवंय. शेवट नसल्यामुळे कार्यक्रम अर्धवट वाटतो, पाहुणे विचारतात.”

गौरवीने सरबताचा पेला दोन्ही हातांनी धरला. आईचा आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता. आईला फोनवर बोलायला आवडायचं नाही, आणि गौरवीनेही तो कधी भरून घेतला नाही. गौरवी म्हणजे काय, ते वाक्य त्या यंत्रात पुरं होत होतं. आणि मनाने लगेच वाटही काढली. दे निजवणी, दर शनिवारी जागवतील, दर शनिवारी निजवतील, दिपाली सुटेल. ही वाट किती ओळखीची आहे ते तिला क्षणभराने कळलं. आई अशाच वाटेने गेली होती. बायका नसलेली, किंतु न बोललेली निजवणी हे दुसरं अर्धं झालं असतं.

तिने नाही म्हटलं. प्रथमेशला वाईट वाटलेलं दिसलं. निरोप देताना त्याने तिला आवर्जून तरणतलावापलीकडचा गोल दाखवला, जिथे नाच होतो.

“आम्ही काही खोटं केलेलं नाही, ताई. ही मातीसुद्धा तुमच्या मांडाची आहे. मावशींनी स्वतः पाटीभर आणून दिली. त्याशिवाय इथे पाय ठेवणार नाही म्हणाल्या.”

गौरवी त्या गोलाकडे बघत राहिली. हे आईने सांगितलं नव्हतं. शेणाने सारवलेल्या मातीवर भर उन्हात ओल होती, आणि ओलीत पावलांचे दोन चर होते.

त्याच संध्याकाळी ती जानकीच्या अंगणात गेली. सून आत निजवलेली होती. जानकी केरसुणीसाठी माडाच्या चुडतांचे हीर काढत बसली होती. सुरी पात्यावरून ओढायची, हीर मागे टाकायची.

“वरच्या वाड्याची मोठी माणसां वाट चुकली काय?” तिने विचारलं.

“काकी, मांड निजवूक व्हयो,” गौरवी म्हणाली. शहरात राहून तिची बोली जराशी सांडली होती. “माका येता. सगळ्यो बायको उभ्यो रवल्यो तर.”

“चोरटीक घेवन उभ्यो रवतल्यो?”

“त्यांका मी सांगतंय खरा काय ता.”

सुरी थांबली. जानकीने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “पुस्तकां वाचून सांगूचा सोपा. मांडार उभ्या रवान, आपल्या मेल्या आवशीचा नाव घेवन सांगूचा. जमतला?”

आतून पाय घासल्याचा आवाज आला. दोन पावलं, थांबणं, दोन पावलं. जानकीने पुन्हा सुरी ओढली. आज मंगळवार होता.

बाबांना सांगितल्याशिवाय मांडावर बोलणं गौरवीला बरं वाटेना. जेवताना तिने विषय काढला. जयरामांनी ताट बाजूला सारलं नाही, चिडले नाहीत. वाडा आजही भाग्यलक्ष्मीचं नाव घेताना हात जोडतो, ही एकच गोष्ट त्यांना सकाळी उठवत होती, हे गौरवीला ठाऊक होतं.

“माका सांगू नको,” ते म्हणाले. “तू सांगलंस तर माका ता आयकूचा लागतला.”

मग त्यांनी ताक मागितलं. दुसऱ्या दिवशी ते कुणाशी न बोलता बहिणीकडे नार्व्याला निघून गेले.

गुरुवारी दुपारी बायका मांडावर जमल्या. चार वर्षांत कुणी सारवलं नव्हतं. आंब्याची पानं झाडून कोमलने आणि खालच्या वाड्यातल्या समीक्षाने मिळून जागा मोकळी केली, एकमेकींशी न बोलता. एकवीस घरांच्या एकवीस बायका. वरचा वाडा एकीकडे, खालचा दुसरीकडे, मधे सहज बैल जाईल एवढी जागा. वरच्या वाड्यातली थोरली शेवंती, जिने जानकीवर सर्वांत आधी बोट रोखलं होतं, पुढेच बसली होती. भाग्यलक्ष्मीची लेक काय सांगते ते ऐकायला ती आली होती, आणि येताना देव्हाऱ्यातलं फूल घेऊन आली होती.

गौरवी मधे उभी राहिली. तिने रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता कामाचं वाटेना. ती म्हणाली, “जानकीकाकीन कायएक चोरूक नाय. गाणा आईन दिला. आपल्या तोंडान, आपल्या राजीखुशीन.” तिला वाटलं एवढं पुरे, पण ते पुरं नव्हतं. “मांडाची माती पण आईनच व्हरून दिली. आणि तुमी काकीक वाळीत टाकलात, ता तिणां उघड्या डोळ्यांनी बघलां. मरापर्यंत तोंड उघडूक नाय. आणि माका कळून पाच म्हयने झाले. मीय उघडूक नाय.”

आंब्यावर मोहोर आला होता आणि त्याच्यात माश्या घोंघावत होत्या, तेवढाच आवाज. आई आता दुसऱ्यांदा गेली, असं गौरवीला वाटलं. पहिल्यांदा निदान सगळा वाडा रडला होता.

शेवंतीने हातातल्या फुलाकडे पाहिलं, ते कुठे ठेवावं तिला सुचेना. मग ती गुडघ्यावर हात टेकत उठली, मधली जागा ओलांडली आणि जानकीच्या शेजारी जाऊन बसली. जानकी तसूभर सरकली. जागा करून द्यायला की अंग चोरायला, ते सांगता आलं नसतं.

“घोवाच्या तेराव्याक जेवण उरला,” जानकी म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. “अख्खा टोप भात. कुत्र्यांक घातलंय मी. ता मी विसरूचंय नाय, तुमी नाकां घासलात तरी.” ती थांबली. “पण माजी सून माका परत व्हयी.”

एवढ्यावर समेट झाला. त्याच्याहून गोड काही झालं नाही. मग एकेकीने उठून आपापलं बोलून टाकलं, काही अगदी क्षुल्लक, काही ऐकवणार नाही असं. उन्हं उतरेपर्यंत ते चाललं.

निजवायचं कुठे, हाही प्रश्न होता. समीक्षाचं म्हणणं, इथेच, आपल्या मांडावर. शेवंतीने मान हलवली. जिथे जागवला तिथेच निजतो. माती तिथे आहे.

शनिवारी साडेपाचला सगळ्याजणी निघाल्या. तांबड्या चौकटीची कापडं पेट्यांतून निघाली होती. तरुणींना नेसवायला म्हाताऱ्यांची दुपार गेली. वाड्यातले पुरुष घरांत थांबले. दिपाली त्यांच्या आधीच गेली होती. शुक्रवारी ती भानावर आलीच नव्हती, सातही दिवस भरले होते.

ठरलं ते असं, की जागवणी पूर्ण होऊ द्यायची, ती संपली की निजवणी धरायची. रीत तशीच होती.

फाटकावर शिवदास नावाचा रखवालदार होता, दोडामार्गचा. एकवीस बायका बघून त्याने फोन उचलला. मग शेवंतीकडे पाहिलं, फोन खिशात टाकला, आडवा बांबू वर केला आणि वाटेकडे पाठ करून उभा राहिला.

तरणतलावाभोवती पाहुणे बसले होते. बायकांना येताना बघून त्यांना कार्यक्रमच सुरू झाला असं वाटलं. दोघांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी मोबाइल वर धरले. दुरून प्रथमेश घाईने येत होता, चेहऱ्यावर हसू ठेवायची धडपड करत. गोलात नाचणाऱ्या चौघी होत्या आणि मधे दिपाली. गाणं अजून लागलं नव्हतं, तरी ती पुढे-मागे होत होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली तिच्यापासून हातभर लांब उभ्या होत्या. त्यांनाही काही कळत असावं.

बायका ओल्या मातीवर उभ्या राहिल्या. दोन ओळी, हात एकमेकींच्या कमरेत. जानकीचा हात शेवंतीच्या कमरेत होता. गौरवी पायांत बघत होती. माती गार होती आणि खालून कुणी हळूहळू श्वास घ्यावा तशी किंचित वर येत होती, खाली जात होती. पाणी असेल खाली, ती मनाशी म्हणाली, नदी जवळ आहे.

स्पीकर खरखरला. आई गाऊ लागली.

पहिल्या ओळीलाच दिपालीची मान मागे गेली, एवढी मागे की पाहुण्यांपैकी कुणीतरी उठून उभं राहिलं. मग नाचणाऱ्या चौघींतली एक खाली वाकली आणि वर आलीच नाही. तिचे पाय दिपालीच्या पायांबरोबर चालू लागले. मग दुसरी. ओळीच्या शेवटाला उभ्या असलेल्या कोमलने हुंदक्यासारखा आवाज काढला आणि तिची टाच जमिनीवर आपटू लागली.

“पुरां जावंक दिलंस तर कोण उरूचां नाय,” जानकी गौरवीच्या कानाशी म्हणाली. “आता धर.”

“जागवणी संपाच्या आधी?” गौरवीने विचारलं. “तसा केला तर काय होता?”

“म्हायत नाय. कोणीच करूक नाय.”

आईचा आवाज तरणतलावावरून, पाहुण्यांवरून, माडांवरून भरून येत होता. इतका जवळ, इतका निरोगी. त्याच्यावर आपला आवाज चढवायचा, त्याला गप्प करायचं. गौरवीने डोळे मिटले नाहीत. दुसरी ओळ शेवटाला आली, आणि आईने तिथे नेहमी घ्यायची तसा श्वास घेतला. त्या श्वासात गौरवीने निजवणीचं पहिलं कडवं धरलं. मागून वीस बायकांनी ते उचललं, आणि पायांखालची माती हलायची थांबली, कुणीतरी कान द्यावा तशी.